समाधानी विद्यार्थी, शिकलेला विद्यार्थी

दुबईच्या सरकारी कचेऱ्यांत 2014 पासून काउंटरवर एक छोटा पडदा दिसू लागला. काम आटोपून निघणाऱ्याने त्यावरच्या तीन चेहऱ्यांपैकी एकावर बोट टेकवायचे: हसरा, मख्ख किंवा नाराज. याला 'हॅपिनेस मीटर' म्हणतात. पुढे 2016 मध्ये संयुक्त अरब अमिरातीने ओहूद अल रूमी यांच्याकडे आनंद खात्याचे राज्यमंत्रिपदच सोपवले. लायसन्स नूतनीकरणाच्या खिडकीवर हे यंत्र चोख चालते, कारण तिथली सेवा खिडकीपाशीच संपते. माणसाला काय हवे होते आणि काय मिळाले, हे त्याला त्या क्षणी पक्के ठाऊक असते. डिप्लोमाच्या दुसऱ्या सत्रातल्या मुलाला ते ठाऊक नसते. सर्किट वाचायला आपण खरेच शिकलो का, हे त्याला कळायला तिसरे सत्र किंवा पहिली नोकरी उजाडावी लागते. तरीही सत्र संपता संपता आपण त्याच्या हातात फॉर्म देतो आणि त्याच्या उत्तरांची सरासरी काढून तिला 'अध्यापनाची गुणवत्ता' म्हणतो.

या अंकात अमिरातीचा विषय घेण्याचे कारण साधे आहे. मणिपाल आणि बिट्स पिलानी 2000 सालीच दुबईत गेले. पुण्याचे सिंबायोसिस 2024 मध्ये पोहोचले. आपल्यातले काही सहकारी आता तिथे शिकवतात, तिथल्या नियामकांपुढे फायली मांडतात. दुसरे म्हणजे, अध्ययन निष्पत्ती आणि विद्यार्थ्यांचे समाधान या दोन गोष्टी एकाच तराजूत टाकण्याचा मोह आपल्याला जितका आहे तितकाच त्यांनाही आहे. तो आवरण्याची काही साधनेही त्यांच्याकडे आहेत, आणि ती आपण पाहण्यासारखी आहेत.

अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्याचे काम अमिरातीत मुख्यतः हायर कॉलेजेस ऑफ टेक्नॉलॉजी करते. 1988 मध्ये सुरू झालेली ही संस्था, एचसीटी, आज बहुतेक अमिरातींत पसरली आहे. मुला-मुलींचे कॅम्पस वेगळे, पदविकेपासून पदवीपर्यंतचे व्यावसायिक अभ्यासक्रम, माध्यम इंग्रजी. विद्यार्थी बहुतांश अमिराती, पण शिकवणारे मात्र बाहेरून आलेले. अरबीत शाळा केलेल्या मुलाचा सुरुवातीचा बराच काळ इंग्रजीच्या पायाभूत वर्गात जायचा, आणि त्या भाराबद्दल तिथे अनेक वर्षे वाद झाला. अशा मुलाला इंग्रजी प्रश्नावली दिली तर तो प्रश्न वाचून उत्तर देतो की 'सरसकट चार' करून मोकळा होतो, हा प्रश्न आपल्या मराठी माध्यमातून आलेल्या बी.कॉम.च्या विद्यार्थ्यालाही लागू आहे. पाच पर्यायांच्या वीस ओळींत एकच रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला दिसला, तर तो फॉर्म मोजायचाच नाही, एवढी किमान शिस्त तरी आपण पाळतो का?

अमिरातीतली नियामक चौकट मात्र पक्की आहे. शैक्षणिक मान्यता आयोग 2000 पासून काम करतो. प्रत्येक कोर्सची फाईल ठेवायची, तिच्यात चांगल्या, मध्यम आणि कमकुवत अशा तिन्ही प्रकारच्या विद्यार्थ्यांच्या खऱ्या उत्तरपत्रिका आणि प्रकल्प ठेवायचे, असा तिथला दंडक आहे. नॅकच्या पीअर टीमसमोर फक्त पहिल्या तीन मुलींच्या सुबक जर्नल्स मांडणाऱ्यांनी ही कमकुवत उत्तरपत्रिकेची अट दोनदा वाचावी. 2010 मध्ये राष्ट्रीय पात्रता प्राधिकरण आले आणि दहा स्तरांचा आराखडा तयार झाला. पदवी सातव्या स्तरावर, पदविका त्याखाली. प्रत्येक स्तरावर ज्ञान आणि कौशल्याबरोबरच स्वायत्तता, जबाबदारी आणि स्वतःला घडवत राहण्याची क्षमताही लिहिलेली आहे. 'विद्यार्थी सर्किट जोडतो' आणि 'देखरेखीविना सर्किट जोडून दोष सापडला तर स्वतः थांबतो' यांतला फरक तिथे कागदावर तरी मान्य झाला आहे.

आता खरी अडचण. अमिरातीतला बहुसंख्य अध्यापकवर्ग मुदतीच्या करारावर असतो. करार वाढला नाही तर नोकरीबरोबर व्हिसाही जातो, आणि व्हिसाबरोबर मुलांची शाळा, भाड्याचे घर, सगळेच. अशा माणसाच्या मूल्यमापनात विद्यार्थ्यांच्या फॉर्मचा आकडा असेल, तर त्याने पेपर किती कठीण काढावा, असाइनमेंट उशिरा आणणाऱ्याला किती गुण कापावेत, हे तुम्हीच सांगा. आपल्याकडे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या प्राध्यापकाला वेगळे समजावून सांगायला नको. जून आला की त्याची नेमणूक नव्याने होते किंवा होत नाही. इंटर्नलचे गुण त्याच्याच हातात असतात आणि त्याचा फीडबॅक वर्गाच्या हातात. दोघांना एकमेकांची गरज कळते आणि मग दोघेही समाधानी राहतात. या व्यवहारात कोणाचा कट नसतो, तरी शिकणे हळूच बाजूला पडते. कायम प्राध्यापकांच्या जागा न भरता फीडबॅकचे आकडे मात्र दरवर्षी मागायचे, या धोरणाचा हा सरळ परिणाम आहे आणि तो आम्ही धोरणाच्याच माथी मारतो.

हे निव्वळ आमचे अनुमान नाही. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये अमेरिकेच्या हवाई दल अकादमीतल्या दहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथे मुलांना वर्ग चिठ्ठी टाकल्यासारखे वाटले जातात आणि पेपर सर्वांना एकच असतो, म्हणून तुलना खरी ठरते. ज्या प्राध्यापकांच्या वर्गात मुलांचे त्या कोर्सचे गुण चांगले आणि फीडबॅकही चांगला, त्यांचीच मुले पुढच्या कोर्समध्ये मागे पडली. जे शिक्षक त्या वेळी नकोसे वाटले, त्यांच्या वर्गाचा पाया पुढे पक्का निघाला. 2019 मध्ये हार्वर्डमध्ये लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकशास्त्राच्या वर्गात आणखी थेट प्रयोग केला. स्वतः गणिते सोडवत शिकलेली मुले चाचणीत पुढे होती. पण 'किती शिकलो असे वाटते' या प्रश्नाला गुळगुळीत व्याख्यान ऐकलेल्या मुलांनी जास्त गुण दिले. मेंदूला कष्ट पडले की आपल्याला काही येत नाही असे वाटते. फॉर्ममध्ये नेमके तेच 'वाटणे' उतरते.

मग एचसीटीकडून घ्यायचे काय? आमच्या मते एकच गोष्ट: अनेक विषयांच्या परीक्षा सर्व कॅम्पसना सामाईक ठेवण्याची तिथे रुजलेली पद्धत. एकच पेपर फुजैराच्या आणि अबू धाबीच्या वर्गाने सोडवला की सोपा पेपर काढून समाधान विकत घेण्याची वाट बंद होते. चांगला फीडबॅक मिळवणाऱ्या शिक्षकाची मुले सामाईक पेपरात कुठे आहेत, हे उघड दिसते. अर्थात सामाईक पेपरालाही दोष आहेत. त्याने शिक्षकाचा हात बांधला जातो, आणि पेपरात जे नाही ते वर्गातून गळते. तरी करारावरच्या शिक्षकासाठी ती एक ढालच आहे. कडक असल्याची तक्रार आली तर त्याला दाखवायला काहीतरी हाती असते.

अमिरातीच्या उच्च शिक्षण मंत्रालयाने अलीकडे संस्थांच्या मूल्यमापनाची नवी चौकट आणली. तिच्यात रोजगाराला 25 टक्के, अध्ययन निष्पत्तीला 25, उद्योगांशी सहकार्याला 20, संशोधनाला 15, प्रतिष्ठा आणि जागतिक स्थानाला 10 आणि समाजाशी संबंधाला 5 टक्के वजन आहे. या सहा शीर्षकांत समाधानाचे नाव नाही, हे एकेकाळी वेगळे आनंद खाते काढणाऱ्या देशाच्या बाबतीत लक्षात घेण्यासारखे आहे. पण रोजगाराचा आकडाही शिकण्याचा स्वच्छ आरसा नाही. 2021 मध्ये 'नाफिस' कार्यक्रम सुरू झाला आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांना दरवर्षी कुशल पदांवर दोन टक्के अमिराती नागरिक वाढवणे बंधनकारक झाले. पदवीधराला नोकरी कॉलेजने दिली की कायद्याने, हे मग वेगळे काढावे लागते. आपल्या प्लेसमेंट सेलच्या रंगीत तक्त्यांत कोणत्या साली बाजार चढला होता, तेही कुठे लिहिलेले असते?

समाधान मोजूच नये, असे आम्ही म्हणत नाही. बस वेळेवर आली का, प्रयोगशाळेत यंत्र चालू होते का, उत्तरपत्रिका तपासून परत मिळाली का, सर वर्गावर आले का, प्रवेशाच्या खिडकीवर कसे बोलले, याबद्दल विद्यार्थ्याइतका भरवशाचा साक्षीदार नाही. अमेरिकेतल्या नोएल-लेव्हिट्झच्या समाधान सूचीत प्रत्येक बाबीला दोन उत्तरे घेतात: ती तुम्हाला किती महत्त्वाची, आणि तुम्ही किती समाधानी. कामाला लावते ती दोन्हींतली दरी. कँटीन वाईट आहे पण मुलांना त्याचे फारसे काही नाही, तर ती गोष्ट सावकाश करा. ग्रंथालय संध्याकाळी बंद होते आणि नोकरी करून शिकणाऱ्या मुलीला ते फार महत्त्वाचे वाटते, तर तिथे आधी धावा. हे सगळे समाधान सांगते. मुलगी शिकली का, हे मात्र ते सांगत नाही.

आपल्याकडे नॅकने 2017 च्या सुधारित पद्धतीत विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आणले आणि ते थेट विद्यार्थ्यांकडे पाठवायचे ठरवले, हे चांगले झाले. पण सर्वेक्षणाच्या दिवसांत वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर काय संदेश फिरतात, ते आयक्यूएसीत, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षात, काम केलेल्या वाचकांना सांगायला नको. कोर्सच्या निष्पत्ती अभ्यासक्रमाच्या निष्पत्तींशी जोडण्याचे, म्हणजे सीओ-पीओ मॅपिंगचे, तर बऱ्याच ठिकाणी निव्वळ एक्सेल झाले आहे. तीन, दोन, एक असे आकडे भरायचे, सूत्राने अटेनमेंट काढायचे, 'अप्रत्यक्ष मूल्यमापन' म्हणून त्यात पुन्हा विद्यार्थ्यांचाच फीडबॅक मिसळायचा. अशाने शिकण्याच्या आकड्यात समाधान विरघळते आणि मग काय मोजले ते कोणालाच सांगता येत नाही. ही भेसळ थांबली पाहिजे.

म्हणून वाचकांना विनंती. यंदाच्या सत्रअखेरीस आपल्या विभागातला एकच कोर्स निवडा. त्याची अध्ययन निष्पत्ती ठरवून दिलेल्या कामावर, दोन परीक्षकांनी वेगवेगळी तपासून मोजा. समाधानाचा आकडा त्याच कोर्सचा, पण वेगळ्या रकान्यात, वेगळ्या भाषेत नव्हे तर मुलांच्या भाषेत विचारून ठेवा. दोन्हींची सरासरी काढू नका. आकडे जिथे जुळत नाहीत तिथला वर्ग पाहा: मुले नाराज पण शिकलेली, किंवा खूश पण कोरी. मग त्या शिक्षकाशी प्राचार्यांआधी तुम्ही बोला, विशेषतः तो तासिका तत्त्वावर असेल तर. असे दोन रकान्यांचे तक्ते पुढच्या सत्राअखेर आमच्याकडे पाठवा. कॉलेजचे आणि शिक्षकाचे नाव न देता आम्ही ते छापू.