जादूच्या शाळेंतील धडे

“चित्रपट पाहून कोणी शहाणें झालें आहे काय?” असा प्रश्न घरोघरचीं वडीलधारीं माणसें विचारीत असतात, आणि त्यांत तथ्य नाहीं असें मी म्हणणार नाहीं. पैसे खर्चावे, दोन-तीन तास अंधारांत बसून डोळे शिणवावे आणि परततांना हातीं कांहींच लागूं नये, असे चित्रपट पुष्कळ असतात. परंतु योग्य वयांत आणि योग्य प्रसंगीं पाहिलेली एखादी गोष्ट मनाला असा आधार देते कीं, तिचे उपकार पुढें कधींच विसरतां येत नाहींत. हॅरी पॉटर नांवाच्या मुलाच्या चित्रपटमालिकेनें माझ्यावर असे उपकार केले आहेत. ते कोणते, हें आपल्या वार्षिकाच्या बालवाचकांना सांगावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

जे. के. रोलिंग ह्या ब्रिटिश लेखिकेच्या सात कादंबऱ्या १९९७ पासून २००७ पर्यंत प्रसिद्ध झाल्या. त्यांवरून २००१ ते २०११ ह्या अवधींत आठ चित्रपट निघाले. शेवटच्या कादंबरीचे दोन भाग केल्यामुळें संख्या एकानें वाढली. कथानायक हॅरी हा पोरका मुलगा. मावशीच्या घरीं जिन्याखालच्या अडगळीच्या खोलींत त्याचें बाळपण जातें. अकरा वर्षें पूर्ण होतांच त्याला हॉगवर्ट्स नांवाच्या जादूच्या विद्यालयांत प्रवेश मिळतो, आणि पुढें दरवर्षीं तो एकेक इयत्ता वर चढत जातो. अभ्यास, परीक्षा, खेळाचे सामने, मैत्री, रुसवेफुगवे, आवडते शिक्षक आणि नावडते शिक्षक, हें सारें आपल्या शाळेप्रमाणें तेथेंहि आहेच. मीं पहिला चित्रपट पाहिला तेव्हां मीहि अकरा वर्षांचा होतों, आणि शेवटचा पाहिला तेव्हां वीस वर्षांचा. हॅरी आणि मी बरोबरच मोठे झालों, असें म्हटलें तरी चालेल.

ह्या कथांवर आक्षेप थोडे आले नाहींत. अमेरिकेंतील ग्रंथालय-संघटनेच्या यादीप्रमाणें २००० ते २००९ ह्या दशकांत तिकडे ज्या पुस्तकांविरुद्ध सर्वांत अधिक तक्रारी झाल्या, त्यांत हॅरी पॉटरचीं पुस्तकें पहिल्या क्रमांकावर होतीं. मुलें जादूटोण्याच्या नादीं लागतील, हें त्यांतील एक मुख्य भय. ज्या महाराष्ट्राला २०१३ सालीं जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला, तेथील पालकांनीं हें भय हसण्यावारीं नेऊं नये, हें मला मान्य आहे. तथापि अद्भुत कथा सांगणें म्हणजे भोंदूपणा शिकविणें नव्हे. एकोणिसाव्या शतकांत कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या विद्वानानें अरबी भाषेंतील सुरस व चमत्कारिक गोष्टी मराठींत आणिल्या. त्या वाचून कोणी दिवा घासीत बसल्याचें ऐकिवांत नाहीं.

शिवाय हे चित्रपट बारकाईनें पाहिले तर उलटेंच दिसून येतें. तेथें छडी फिरवितांच उजेड पडतो, पीस हवेंत तरंगतें, कुलपें उघडतात. परंतु गेलेलें माणूस परत येत नाहीं आणि भित्र्याला धैर्य चढत नाहीं. माणसाच्या खऱ्या अडचणी जेथें सुरू होतात, तेथें ही जादू हात टेकते.

पहिल्याच चित्रपटांत एक आरसा आहे. त्याच्यापुढें जो उभा राहील त्याला स्वतःच्या मनांतील सर्वांत खोल इच्छा दिसते. हॅरीचा मित्र रॉन ह्याला आपण मुख्य विद्यार्थी झालों आणि खेळाचा करंडक जिंकला, असें दिसतें. पोरक्या हॅरीला मात्र आपल्या पाठीशीं आईबाप उभे दिसतात. तो रात्रीं त्या आरशापुढें जाऊन बसूं लागतो. तेव्हां मुख्याध्यापक डंबलडोर त्याला प्रेमानें समजावितात कीं, ह्याच्यापुढें बसून पुष्कळांचीं आयुष्यें वायां गेलीं आहेत. आरसा आतां दुसरीकडे हलविला जाईल, त्याचा शोध करूं नये. अकराव्या वर्षीं ह्या प्रसंगाचा अर्थ मला कळला नाहीं. तो कळावा अशी वेळ पुढच्याच वर्षीं आमच्या घरावर आली.

आमचें बिऱ्हाड ठाण्यास, घोडबंदर रस्त्यावरील मानपाड्यांत, चाळीच्या दोन खोल्यांत होतें. वडील वागळे इस्टेटींतील एका कारखान्यांत कामाला होते. २००३ सालच्या दिवाळीनंतर थोड्याच दिवसांच्या आजारानें ते गेले. मागें आई, मी आणि पाठची बहीण. वडिलांच्या फंडाचे पैसे मिळावयाचे होते. त्यासाठीं अर्ज, दाखले, सह्या अशीं नाना कामें होतीं. आईचें शिक्षण मराठी चौथीपर्यंत झालेलें, आणि अर्ज सारे इंग्रजी. “वहिनी, काळजी करूं नका, मी येऊन सगळें पाहतों,” असें काकांनीं गांवीं परततांना सांगितलें होतें. काका मनाचे वाईट नव्हते. त्यांच्याहि मागें संसार होता. परंतु त्यांचें येणें झालें नाहीं. कागद पेटींत पडून राहिले. आई शिवणकाम करून घर चालवी. सायंकाळीं ओट्यावर पावलें वाजलीं कीं मी दाराकडे पाहीं. हॅरी जसा आरशापुढें बसे, तसा मी त्या दारापुढें सहा-सात महिने बसलों.

२००४ च्या पावसाळ्यांत एका वर्गमित्राच्या वडिलांनीं आम्हां दोघांना मालिकेंतील तिसरा चित्रपट दाखविला. अल्फोन्सो क्वारोन हे त्याचे दिग्दर्शक. त्यांत माणसाच्या मनांतील आनंद शोषून घेणारे भयंकर पहारेकरी आहेत. त्यांना पळवून लावणारा मंत्र साधण्यासाठीं सुखाची एखादी आठवण मनांत घट्ट धरून ठेवावी लागते. एके रात्रीं सरोवराच्या कांठीं ते हॅरीवर तुटून पडतात. आतां प्राण जाणार, तोंच पैलतीरावरून प्रकाशाचें एक हरिण येतें आणि त्या सर्वांना पिटाळून लावतें. पलीकडे कोणीतरी उभें असलेलें हॅरीला दिसतें. त्याचे वडील जिवंतपणीं हरिणाचें रूप घेत असत; म्हणून ते वडीलच, अशी त्याची खात्री होते. पुढें काळ मागें नेणाऱ्या एका साधनाच्या योगानें तो आणि त्याची मैत्रीण हर्मायनी तीन तास मागें जातात, आणि त्याच पैलतीरावर झाडींत उभीं राहून वडिलांची वाट पाहतात. समोरच्या कांठावर त्याचाच जीव जात आहे, आणि वडील येत नाहींत. कोणीच येणार नाहीं, असें हर्मायनी सांगते. तेव्हां तो स्वतः पुढें धांवतो, मंत्र उच्चारतो, आणि तें प्रकाशाचें हरिण त्याच्याच छडींतून निघतें. पैलतीरावर दिसलेला मनुष्य तो स्वतःच होता.

भोंवतालचीं मुलें टाळ्या वाजवूं लागलीं. मला पेटींतले कागद आठवले.

दुसऱ्या दिवशीं मीं पेटी उघडली. शब्दकोश जवळ घेऊन अर्ज वाचला. जें कळलें नाहीं तें शाळेंतील शिक्षकांना विचारलें. आठवड्यानें आई आणि मी कचेरींत गेलों. तेथील कारकुनानें दोन चुका दाखवून कागद परत दिले. पुन्हां गेलों, तेव्हां एक दाखला कमी निघाला. तिसऱ्या खेपेस अर्ज घेतला गेला. त्या दिवशीं परततांना आम्ही मासुंदा तलावाच्या कांठीं थोडा वेळ टेकलों. अर्जाची प्रत हातांत धरून आई म्हणाली, “तुझें अक्षर अगदीं ह्यांच्या वळणाचें आहे रे.” हॅरीच्या छडींतून वडिलांचेंच हरिण कां निघालें, तें मला त्या वाक्यानें समजलें. ज्यांची आपण वाट पाहतों, त्यांचें कांहींतरी आपल्याच हातांत राहिलेलें असतें. हात कामाला लागल्यावांचून तें दिसत नाहीं.

येथें एक गैरसमज मात्र होऊं नये. कोणी येणार नाहीं, ह्याचा अर्थ जगांत आपलें कोणी नाहीं असा नव्हे. हॅरीला तो मंत्र ल्युपिन ह्या शिक्षकानें शिकविला होता, आणि त्या रात्रीं हर्मायनी त्याच्या शेजारीं होती. मलाहि शिक्षक भेटले, आणि चुका दाखविणारा कारकूनहि भेटला. त्यानें त्या दाखविल्या नसत्या तर अर्ज कोठेंतरी अडकून राहिला असता. मदत घेण्यांत कमीपणा नाहीं. परंतु मदत करणारे बहुधा पुढें निघालेल्या माणसालाच भेटतात. दाराकडे पाहत बसलेल्याला ते भेटत नाहींत.

ह्या मालिकेची आणखी एक गोष्ट मला मोलाची वाटते. हॅरीचें काम करणारा डॅनियल रॅडक्लिफ हा २००० सालीं छायाचित्रण सुरू झालें तेव्हां अकरा वर्षांचा होता. पुढील आठहि चित्रपटांत तोच आहे, आणि त्याचे दोघे सोबतीहि तेच आहेत. त्यांचे आवाज फुटले, उंची वाढली, चेहरे बदलले, तें सारें पडद्यावर दिसतें. डंबलडोरचें काम करणारे रिचर्ड हॅरिस २००२ सालीं वारले आणि मायकेल गॅम्बन ह्यांना त्यांच्या जागीं यावें लागलें. छडी फिरवून कोणालाहि एका रात्रींत मोठें होतां आलें नाहीं. दहा वर्षें लागलीं तीं लागलींच. एका परीक्षेच्या निकालावरून आपल्या साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडणाऱ्या विद्यार्थ्यांनीं, आणि त्यांच्या पालकांनींहि, हें ध्यानांत ठेवावें.

चित्रपट हा गुरु नव्हे. तो पाहून बाजारांतली खेळण्यांतील छडी विकत घेणाऱ्याला त्यानें कांहीं शिकविलें असें म्हणतां येणार नाहीं. परंतु पाहिलेल्या गोष्टीचा आपल्या घरांतील पेटीशीं कांहीं संबंध आहे काय, एवढें जो विचारील त्याचे पैसे आणि वेळ वायां गेले नाहींत.

शेवटच्या चित्रपटाच्या अखेरीस एकोणीस वर्षें लोटलेलीं आहेत. जो हॅरी एके काळीं आगगाडीच्या फलाटावर एकटाच आला होता, तो आपल्या मुलाला शाळेस पोंचविण्यास आला आहे. मुलगा घाबरलेला आहे. हॅरी त्याच्याबरोबर गाडींत चढत नाहीं; त्याच्याजवळ बसून चार शब्द सांगतो आणि त्याला जाऊं देतो.

आज मीहि मुलांना शिकवितों. एखाद्याच्या घरीं तसा प्रसंग आला आणि तो कागद घेऊन माझ्याकडे आला, तर मी त्याला शेजारीं बसवितों, शब्दकोश पुढें ठेवितों, आणि लेखणी त्याच्या हातीं देतों.