माणसांनी लिहिलेले देवाचे वचन

रविवारी सकाळी पिंपरी-चिंचवडमध्ये मराठी, मल्याळम, तमिळ, हिंदी, इंग्रजी अशा कितीतरी भाषांत ख्रिस्ती उपासना चालतात. कारखान्यांमुळे हे शहर वाढले आणि नगर जिल्ह्यापासून केरळ-तमिळनाडूपर्यंतच्या ख्रिस्ती कुटुंबांनी इथे घरे केली. मंडळीगणिक गाणी वेगळी, प्रार्थनेची रीत वेगळी, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले मतभेद तर शतकांचे. तरी सगळीकडे पवित्र शास्त्र उघडले जाते आणि त्यातले वाचन देवाचे वचन म्हणून ऐकले जाते. कंपनीत एकाच पाळीत काम करणाऱ्या बिगरख्रिस्ती सहकाऱ्याला यावर प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे: मत्तय, लूक, पौल ही माणसांची नावे तुमच्याच ग्रंथावर छापलेली असताना ते पुस्तक देवाचे कसे? आम्ही ख्रिस्ती लोक या प्रश्नाला बहुधा ‘शास्त्रात तसे लिहिले आहे’ एवढेच उत्तर देतो. ते उत्तर अपुरे आहे, आणि ख्रिस्ती विश्वासाचा खरा पायाही ते नव्हे.

मुळात दावा काय आहे ते नीट समजून घ्यायला हवे. मीमांसकांच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना कर्ताच नाही. मुस्लिम श्रद्धेनुसार कुराण हे शब्दशः अवतरलेले अरबी वचन आहे. बायबलबद्दल ख्रिस्ती परंपरा यांपैकी काहीही म्हणत नाही. हिब्रू, थोड्या अरामी आणि ग्रीक भाषेत अनेक शतकांच्या काळात लिहिलेल्या पुस्तकांचा हा संग्रह आहे आणि त्याच्या पानापानावर माणसाचा हात दिसतो. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो, की आपल्याआधी अनेकांनी हा वृत्तांत लिहिला असून आपण सर्व गोष्टींचा मुळापासून शोध घेतला आहे. करिंथकरांना लिहिताना पौल आपण कोणाकोणाचा बाप्तिस्मा केला याची नावे सांगतो आणि पुढचे आठवत नाही म्हणून मोकळा होतो. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्रोवसला राहिलेला झगा आणि पुस्तके घेऊन येण्याचा निरोप आहे. रोमकरांस पत्र उतरवून घेणारा लेखनिक शेवटी स्वतःच्या नावाने सलाम सांगतो. हा ग्रंथ आकाशातून पडला असे भासवायचे असते, तर या ओळी पहिल्यांदा खोडल्या गेल्या असत्या. त्या राहिल्या, कारण माणसाची स्मृती, कष्ट, भाषा, स्वभाव यांना बाजूला न सारता देव त्यांतूनच बोलतो, अशी ही श्रद्धा आहे.

मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. पिंपरी-चिंचवडच्या वेशीवर देहू आहे. आपण बोलत नसून विठ्ठल आपल्याकडून बोलवून घेतो, असे तुकोबा अभंगांतून पुन्हा पुन्हा सांगतात. म्हणून गाथेतली कुणब्याची भाषा, दुष्काळ, कर्ज, संसारातले कज्जे तुकोबांचे नाहीत असे कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती सिद्धान्त याहून पुढे जातो, कारण तो हा संग्रह सगळ्या मंडळीसाठी कसोटी मानतो. पण माणसाच्या वाणीतून देव बोलू शकतो, ही कल्पना इथल्या मातीला परकी नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत, ते उगाच नव्हे.

आता सगळ्यात कठीण आक्षेप. बायबल देवप्रेरित आहे असे बायबलच सांगते, म्हणून ते मानायचे, हे चक्र झाले. आक्षेप बरोबर आहे आणि युक्तिवाद तेवढाच असता तर तो तिथेच संपला असता. पण विचारी ख्रिस्ती माणसाची वाट ग्रंथाकडून येशूकडे जाते, आणि मग येशूकडून पुन्हा ग्रंथाकडे येते. सुरुवातीला नवा करार पवित्र मानण्याचीही गरज नाही. इतर जुन्या कागदपत्रांसारखा तो तपासावा. करिंथकरांस पहिले पत्र इ. स. 55 च्या सुमाराचे, म्हणजे येशूला वधस्तंभावर खिळल्यानंतर साधारण पंचवीस वर्षांचे आहे. उठलेला येशू कोणाकोणाला दिसला याची यादी त्यात आहे, आणि पाचशेंहून अधिक साक्षीदारांपैकी बहुतेक अजून हयात आहेत असेही पौल नमूद करतो. स्त्रियांच्या साक्षीला कमी किंमत असलेल्या समाजात चारही शुभवर्तमाने रिकाम्या कबरेची पहिली साक्ष स्त्रियांच्या तोंडी देतात. रचलेली कथा अशी रचली जात नाही. यातून पुनरुत्थान गणितासारखे सिद्ध होते असे मी म्हणणार नाही. शिष्यांचा त्यावर मनापासून विश्वास होता आणि तो फार लवकर रुजला होता, एवढे मात्र दिसते. त्यांची साक्ष ज्याला पटते, त्याच्यासाठी येशूचा शब्द निर्णायक ठरतो. येशूने इस्राएलच्या शास्त्राला देवाचे वचन मानले, मोहाच्या प्रसंगी त्यातूनच उत्तर दिले, वधस्तंभावर त्यातलेच स्तोत्र त्याच्या ओठी होते. आपली साक्ष देण्याचे काम त्याने प्रेषितांवर सोपवले, आणि त्या साक्षीतून नवा करार उभा राहिला. ग्रंथावरचा विश्वास असा एका व्यक्तीवरच्या विश्वासातून आलेला आहे.

याउलट जे पुरावे आमच्या व्यासपीठांवरून मोठ्या उत्साहाने मांडले जातात, त्यांतले काही त्यांच्या ताकदीपेक्षा जास्त ओझे वाहतात. 1947 पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत हस्तलिखिते सापडू लागली. त्यांतली यशयाची गुंडाळी तोवर माहीत असलेल्या हिब्रू प्रतींपेक्षा सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली, आणि किरकोळ फरक सोडले तर मजकूर तोच होता. नकलकारांच्या निष्ठेचा हा थक्क करणारा पुरावा आहे. पण ग्रंथ जपला गेला म्हणजे तो देवाचा ठरला असे होत नाही. बायबलच्या ओळींत आधुनिक विज्ञान शोधणारी प्रवचने तर मला सरळ हानिकारक वाटतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट सांगितले, की लेखकाला काय म्हणायचे होते आणि त्याने कोणता साहित्यप्रकार वापरला, हे पाहूनच शास्त्र वाचावे. ही सूचना प्रोटेस्टंटांनीही मनावर घ्यावी अशी आहे.

पुस्तकांची निवड माणसांनीच केली, हा आणखी एक आक्षेप. केली, आणि लपूनछपून केली नाही. इब्री लोकांस पत्र, पेत्राचे दुसरे पत्र, प्रकटीकरण यांवर बराच काळ वाद होता. आजच्या नव्या करारातली नेमकी 27 पुस्तके अलेक्झांड्रियाच्या अथनेशियसने 367 मध्ये एका पत्रात नोंदवली. 325 च्या नायसिया परिषदेत सम्राटाने ग्रंथ ठरवून दिला, ही लोकप्रिय समजूत खोटी आहे. चार शुभवर्तमाने मात्र त्याच्या कितीतरी आधी मंडळ्यांत रुजली होती. तपशिलांत ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत: येशूची वंशावळ मत्तयात एक, लूकमध्ये दुसरी, कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांची नावेही वेगवेगळी. दुसऱ्या शतकात तातियन नावाच्या ख्रिस्ती लेखकाने चारही एकत्र करून एकसंध वृत्तांत तयार केला होता. तो स्वीकारला असता तर विसंगतीचा प्रश्नच मिटला असता. सिरियातल्या मंडळ्यांनी तो काही काळ वापरलाही, पण अखेर चर्चने चार वेगळे आवाजच ठेवले. या निवडीत मला सोयीपेक्षा प्रामाणिकपणा जास्त दिसतो.

नैतिक आक्षेप मला अधिक जड वाटतो. कनानवरच्या स्वारीतला संहार आणि दासांनी धन्याची आज्ञा पाळावी असे सांगणारी पत्रे याच ग्रंथात आहेत, आणि अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी ती वापरली. यावर झटपट उत्तर नाही. ख्रिस्ती परंपरा एवढे सांगते, की सगळे शास्त्र येशूच्या उजेडात वाचायचे. त्याच्या शिकवणीशी जे जुळत नाही, ते माणसांच्या त्या काळच्या समजुतीसह नोंदले गेलेले आहे. ही पळवाट आहे का? 1807 मध्ये लंडनमध्ये कॅरिबियन बेटांतल्या गुलामांसाठी एक बायबल छापले गेले. त्यातून इस्राएल लोकांच्या मिसरमधल्या सुटकेची कथा वगळली होती. गुलामगिरी टिकवायची तर या ग्रंथाला कात्री लावावी लागली. आपल्याकडच्या मंडळ्यांत जातीची उतरंड पाळणाऱ्यांनीही ग्रंथाचे काही भाग असेच न वाचता सोडले आहेत, आणि हा दोष आमचा आहे.

शेवटी प्रश्न अनुभवाचा, आणि इथे पुणे जिल्ह्यातले उदाहरण सर्वांत बोलके आहे. पंडिता रमाबाईंना संस्कृत शास्त्रांचे ज्ञान घरातच, आई आणि वडील अनंतशास्त्री डोंगरे यांच्याकडून मिळाले. स्त्री-शूद्रांना वेदाचा अधिकार नाही, हेही त्यांनी त्याच परंपरेत ऐकले. सिलचरला असताना लूकचे बंगाली शुभवर्तमान त्यांच्या हाती आले. पुढे इंग्लंडमध्ये समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनींना त्यांनी यामागचे कारण विचारले, तेव्हा शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेला संवाद त्यांच्यापुढे ठेवला गेला. 1883 मध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पाद्री सांगतात म्हणून एखादे मत स्वीकारायला त्यांनी ठाम नकार दिला. वाँटेजच्या भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात हे झगडणे उघड दिसते. आंधळी श्रद्धा अशी वाद घालत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईलाही कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल उतरवले. छपाईच्या कामात मिशनमधल्या निराधार स्त्रिया आणि मुली होत्या. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारल्या, आणि 1924 मध्ये तो ग्रंथ बाहेर पडला. देवाचे वचन केडगावच्या मराठीतही देवाचेच राहते, हा विश्वास नसता तर हे काम सुरूच झाले नसते.

असे अनुभव इतर धर्मांतल्या भक्तांनाही येतात, हे कोणी म्हणेल आणि ते खरेच आहे. म्हणून अनुभव हा एकटा पुरावा होऊ शकत नाही. तो येशूविषयीच्या साक्षीला जोडून येतो, तेव्हाच त्याला ख्रिस्ती अर्थ मिळतो. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असे त्याच व्हॅटिकन परिषदेने जाहीर केले आहे. त्यामुळे बायबलला देवप्रेरित मानणाऱ्याने गाथेपुढे किंवा ज्ञानेश्वरीपुढे तुच्छतेने बोलण्याचे काहीच कारण नाही.

माझे मागणे दोघांकडे आहे. ख्रिस्ती बांधवांनी प्रश्न विचारणाऱ्याला श्रद्धेचा शत्रू समजू नये. रमाबाईंनी आपल्याच लोकांना याहून अवघड प्रश्न विचारले होते. आणि ज्यांना हा दावा पटत नाही, त्यांनी ऐकीव मतावर न जाता लूकचे शुभवर्तमान मराठीत एकदा सलग वाचावे. दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही. मग खुशाल वाद घालावा.