न्यायवैद्यकशास्त्र : मृतदेहाचा कायदा आणि जिवंत बाईची संमती

१/ बीड जिल्ह्यात २०१६-१७ ते २०१८-१९ या तीन वर्षांत ९९ खासगी रुग्णालयांत ४,६०५ स्त्रियांची गर्भाशये काढली गेली. आकडा २०१९ साली विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी दिलेला आहे. प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे नाही. पण ती करणाऱ्यांना शिकताना कोणता कायदा शिकवला गेला? #थ्रेड

२/ उत्तरासाठी मागे जावे लागते. नॉर्मन चिव्हर्स यांचा बंगालसाठीचा न्यायवैद्यक ग्रंथ १८५६ चा, जयसिंग मोदी यांचे प्रसिद्ध पाठ्यपुस्तक १९२० चे. विषप्रयोग, जखमा, शवविच्छेदन हे या विद्येचे मुख्य विषय. वसाहतीच्या सरकारला न्यायालयात साक्ष देणारा डॉक्टर हवा होता. रुग्णाला उत्तर देणारा डॉक्टर त्या चौकटीत जवळजवळ दिसतच नाही.

३/ रुग्णाचा कायदा घडला तो मात्र आपल्याच मातीत. मे १९५३. कोकणात पालशेतच्या किनाऱ्यावर आनंद गोडबोले या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यातील शल्यविशारदाने पुरेशी भूल न देता जोर लावून हाड ओढले. तरुण दगावला. वडील त्र्यंबक गोडबोले न्यायालयात गेले.

४/ १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने ३,००० रुपयांची भरपाई कायम केली आणि डॉक्टरची तीन कर्तव्ये सांगितली : रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही बाबतींत योग्य काळजी घेणे.

५/ गर्भलिंगनिदानावर निर्बंध घालणारा देशातील पहिला कायदाही महाराष्ट्राचाच, १९८८ चा. केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. तरीही २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे मुली फक्त ८०७. राज्यात सर्वांत कमी.

६/ २०१२ मध्ये परळीत गर्भपातादरम्यान एका विवाहितेचा मृत्यू झाला. २०१९ मध्ये बीडच्या न्यायालयाने डॉ. सुदाम व सरस्वती मुंडे यांना १० वर्षांची सक्तमजुरी सुनावली. पदवीधर डॉक्टरांना हा कायदा ठाऊक नव्हता, असे कोण म्हणेल? कलमे पाठ असणे आणि कर्तव्य अंगी मुरणे यांत एवढे अंतर आहे.

७/ आता संमती. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले : तपासणीसाठी दिलेली संमती गर्भाशय काढण्यास पुरत नाही. रुग्ण सज्ञान असेल, तर तिच्या आईची संमतीही चालत नाही. पुरेशी माहिती देऊन घेतलेली तिची स्वतःचीच संमती हवी.

८/ हा निकाल उसाच्या फडाशेजारी ठेवून वाचा. खाडा पडला की मुकादम दंड लावतो. पाळीही परवडत नाही. अशा बाईला ‘पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल’ असे सांगून कागदावर घेतलेला अंगठा ही संमती आहे काय?

९/ आक्षेप ठरलेला आहे : कायद्याचा धाक वाढला की डॉक्टर जोखमीचे रुग्ण नाकारतील. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरवर फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली आहे. प्रामाणिक चुकीला कायदा संरक्षण देतो. हेही न शिकवल्यानेच धाक वाढतो.

१०/ २०१९ च्या नव्या वैद्यकीय अभ्यासक्रमात नीतिमत्ता व संवाद हे विषय आले. स्वागतच आहे. पण कायदा ‘स्वतःला कसे वाचवावे’ या अंगानेच शिकवला, तर संमतिपत्र ही डॉक्टरची ढाल होऊन बसते. आणि ते तर बाईचे हक्कपत्र आहे.

११/ म्हणून मागणी सरळ आहे. अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयापासून प्रारंभ करा. गोडबोले, कोहली आणि परळीचे निकाल भावी डॉक्टरांना प्रसूती वॉर्डात, रुग्णासमोर शिकवा. संमती कशी घ्यावी हे तिच्याच बोलीत समजावता आले, तरच त्या विषयात उत्तीर्ण करा.