पिंप कोणी तपासलं?

आमच्या ऑफिसात सध्या केमिकलची साथ आहे. म्हणजे केमिकलच्या भीतीची. एकाने पांढरी साखर सोडली (त्यात केमिकल), दुसरीने मायक्रोवेव्ह सोडला (त्यातून कॅन्सर), तिसरा पन्नास रुपयांच्या जागी साडेतीनशेचा साबण घेतो, कारण वेष्टनावर 'केमिकल-फ्री' असं लिहिलंय. आता साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा यांची रासायनिक क्रिया. केमिकल काढून टाकलं तर हातात नुसतं तेल उरेल! पण हे बोलायची सोय नाही, लगेच एक फॉरवर्ड येतो.

याच्या बरोब्बर उलट अशी दुसरी जमात आहे. "अरे पाणीसुद्धा केमिकलच आहे" असं म्हणून मिशीत हसणारी. आम्हा इंजिनिअर लोकांची सहसा हीच जमात. डोसवर सगळं अवलंबून असतं, हे ऐकवलं की आपण वाद जिंकलो. दोन्ही पक्षांची जुगलबंदी दर शुक्रवारी जेवणाच्या टेबलावर रंगते आणि दोन्ही पक्ष एका साध्या प्रश्नाला हात लावत नाहीत. बाटलीवर जे लिहिलंय तेच आत आहे हे कोणी तपासलं?

मंडळी, छिंदवाडा आठवतंय? २०२५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. मध्य प्रदेशातला जिल्हा, पण नागपूरहून गाडीने तीन-चार तासांचा रस्ता. लहान मुलांना सर्दी-खोकला झाला, औषध दिलं, आणि काही दिवसांत त्यांची लघवी बंद झाली. आईबाप त्यांना घेऊन नागपूरच्या हॉस्पिटलांत धावले. डायलिसिस करूनही वीसहून जास्त मुलं गेली, बहुतेक पाच वर्षांखालची. सुरुवातीला शोध चालला होता कुठल्यातरी साथीचा. मग कोणीतरी खोकल्याच्या औषधाकडे बघितलं. कोल्ड्रिफ नावाचं औषध, तामिळनाडूत कांचीपुरमला बनलेलं. नमुना हातात आल्यावर तिथल्या सरकारी प्रयोगशाळेला एक-दोन दिवस पुरले. उत्तर आलं: ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल.

परवानगी किती? ०.१ टक्के.

म्हणजे जवळजवळ अर्धी बाटली ब्रेक फ्लुइडमध्ये वापरतात ते द्रव्य. मोठं लबाड द्रव्य आहे हे. रंग नाही, वास नाही, चवीला गोड, हाताला ग्लिसरीनसारखं चिकट. पातळ औषधात पावडर नीट विरघळावी म्हणून ग्लिसरीन किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. औषधी दर्जाचं घेतलं तर महाग पडतं, आणि हे कारखान्यातलं स्वस्त. शेजारीशेजारी दोन पिंपं ठेवली तर डोळ्यांना फरक कळत नाही. पोटात गेलं की लिव्हर इमानेइतबारे त्याचं विघटन करायला घेतं, त्यातून डायग्लायकॉलिक ॲसिड तयार होतं आणि ते किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी मारतं. लघवी थांबते, मग मज्जासंस्थेवर परिणाम. तीन वर्षांच्या मुलाला यातलं काय सांगता येणार आहे? पोट दुखतंय, एवढंच.

हे काही नवं संकट नाही, आणि माझी चिडचिड नेमकी तिथेच आहे. १९३७ साली अमेरिकेत टेनेसीमधल्या एका कंपनीने सल्फा औषधाचं पातळ रूप बाजारात आणलं. औषध डायएथिलीन ग्लायकॉलमध्ये छान विरघळतं असं त्यांच्या केमिस्टला दिसलं. रंग बघितला, वास बघितला, चव बघितली (रास्पबेरी!), आणि माल पाठवून दिला. विषारी आहे का, ते बघायचं राहिलं. कायद्याने सक्तीही नव्हती. शंभरावर माणसं मेली. तिथल्या औषध प्रशासनाने आपले झाडून सगळे निरीक्षक बाटल्या गोळा करायला रस्त्यावर उतरवले. आणि कंपनीवर गुन्हा काय लावता आला? तर नावात 'एलिक्झर' आहे पण आत अल्कोहोल नाही, सबब लेबल चुकीचं! या शरमेतून १९३८ मध्ये तिथे नवा कायदा आला. बाजारात आणण्याआधी औषध सुरक्षित आहे हे दाखवा.

त्यानंतर आपल्याकडचा हिशेब बघा. १९७३ च्या सुमारास मद्रासला १४ मुलं. १९९८ मध्ये गुडगावला ३३ मुलं. २०१९-२० च्या हिवाळ्यात जम्मूजवळ रामनगरला किमान अकरा. २०२२ मध्ये हरियाणात बनलेली सिरप आफ्रिकेतल्या गॅम्बियाला गेली, तिथे सत्तरच्या आसपास मुलं. त्याच वर्षाच्या शेवटी उझबेकिस्तान. दर वेळी द्रव्य तेच आणि किडनीही तशीच बंद पडलेली.

आणि आपलं मुंबईचं जे. जे. हॉस्पिटल. १९८६ च्या सुरुवातीला तिथे १४ पेशंट गेले. मेंदूवरचा किंवा डोळ्यावरचा दाब कमी करायला ग्लिसरीन द्यायची पद्धत होती, आणि त्या ग्लिसरीनमध्ये हेच विष निघालं. न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्यांनी हॉस्पिटल, अन्न व औषध प्रशासन, पुरवठादार, मंत्री, सगळ्यांची लक्तरं वेशीला टांगली. माझ्या वयाच्या पोरांना विचारा, दहातल्या एकालाही हे नाव ठाऊक नसेल. मायक्रोवेव्हने कॅन्सर होतो हे मात्र दहाच्या दहा जणांना ठाऊक!

आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. बग एकदा प्रॉडक्शनला फुटला की त्याची टेस्ट लिहायची आणि पुढच्या प्रत्येक रिलीजला ती चालवायची. ती फेल झाली तर बिल्ड पुढे जात नाही, मग क्लायंट कितीही बोंबलू दे. आमचं सॉफ्टवेअर पडलं तर कोणाचं तरी तिकीट बुक होत नाही, एवढंच. इथे बग १९३७ चा. कारण माहीत आहे. चाचणी माहीत आहे. गॅस क्रोमॅटोग्राफीचं महागडं यंत्र नसेल तर पट्टीवर थेंब टाकून करायची स्वस्त चाचणीसुद्धा आहे. तरी छिंदवाड्यानंतर केंद्राच्या औषध नियंत्रकांना ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्यांना पत्र लिहावं लागलं, की तपासणीत कारखाने कच्च्या मालाची प्रत्येक बॅच तपासत नसल्याचं दिसलं, तेव्हा लक्ष घाला. च्यायला! अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

मग तपासतात काय? तर कागद. पिंपाबरोबर सर्टिफिकेट येतं, 'शुद्धता ९९ टक्के अमुक'. २००६ मध्ये पनामात शंभराहून जास्त माणसं मेली, त्याचा माग काढला तर पिंपं निघाली चीनमधून. ती स्पेनमधल्या व्यापाऱ्याकडून पनामात पोचली. प्रत्येक टप्प्यावर कागद नवा झाला, मूळ कारखान्याचं नाव गळालं, आणि पिंपाचं झाकण कोणीही उघडून बघितलं नाही. प्रत्येकाने आधीच्याच्या सहीवर सही केली. (कोड रिव्ह्यूमध्ये 'एलजीटीएम' लिहून मोकळे होणाऱ्या बांधवांनी इथे थोडं थांबावं.)

"छोट्या कारखान्यांना परवडत नाही हो," असं एक उत्तर नेहमी मिळतं. मग हे ऐका. गॅम्बियात नाचक्की झाल्यावर आपण नियम केला की १ जून २०२३ पासून खोकल्याचं सिरप परदेशी पाठवायचं असेल तर आधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून दाखला घ्यायचा. म्हणजे परवडतं. बोट बंदरातून सुटणार असेल तर परवडतं. ट्रक कांचीपुरमहून छिंदवाड्याला जाणार असेल तर मात्र ते ओझं होतं. परदेशातल्या पोराच्या किडनीला दाखला लागतो आणि आपल्याच्या किडनीला लागत नाही, याचं कुठलं स्पष्टीकरण तुम्हाला पटेल?

छिंदवाड्यात कंपनीच्या मालकाआधी डॉक्टरला अटक झाली. चार वर्षांखालच्या मुलांना असं मिश्रण देऊ नका अशी सूचना २०२३ मध्ये निघाली होती, तेव्हा डॉक्टरांना प्रश्न जरूर विचारावेत. पण बाटलीतलं ग्लायकॉल स्टेथोस्कोपने कसं कळणार? ते ज्यांना कळू शकत होतं त्यांच्याकडे यंत्रं होती आणि पगारही होता.

हे झालं झटपट मारणारं विष. आठवड्यात मुलं जातात, म्हणून निदान बातमी तरी होते. कॅन्सरचं गणित जास्त वाईट आहे, कारण तिथे प्रेत आणि बाटली यांच्यात वीस वर्षं जातात. २०१८ मध्ये ब्लडप्रेशरच्या वल्सार्टन या औषधात एनडीएमए सापडलं. माणसात कॅन्सर घडवण्याची दाट शक्यता असलेल्या रसायनांत त्याची गणना होते. चीनमधल्या एका उत्पादकाने बनवण्याची पद्धत काही वर्षांपूर्वी बदलली होती, आणि नव्या पद्धतीत ते आपोआप तयार होत होतं. कोणी मुद्दाम घातलं नव्हतं. कोणी शोधलंही नव्हतं. मग ॲसिडिटीवरचं रॅनिटिडिन निघालं, ज्यात साठवणुकीत, उष्णतेने, त्या रेणूतूनच एनडीएमए वाढत जातं. अमेरिकेने २०२० मध्ये ते बाजारातून काढायला लावलं, आपण २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून वगळलं. इथे डोसवाल्या जमातीचं म्हणणं मला मान्य आहे. दिवसाला ९६ नॅनोग्रॅम ही मर्यादा सत्तर वर्षं रोज घेतलं तर लाखात एक जादा कॅन्सर या हिशेबाने ठरवली आहे. चार गोळ्या घेतल्या म्हणून छाती बडवायचं कारण नाही. पण डोस मोजल्याशिवाय डोसचा युक्तिवाद करता येत नाही, हेही त्यांनी मान्य करावं.

आणि 'नैसर्गिक'वाल्यांसाठी एक. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करायच्या हर्बल गोळ्यांत एका झाडपाल्याच्या जागी भलताच पाला गेला. त्यात ॲरिस्टोलोकिक ॲसिड होतं. शंभरेक बायकांच्या किडन्या गेल्या, आणि त्यांतल्या अनेकींना पुढे मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. शंभर टक्के वनस्पती, शंभर टक्के नैसर्गिक! (आपलं ईश्वरमूळ त्याच कुळातलं. घरगुती काढे उकळणाऱ्यांनी बघून घ्यावं.)

तुमच्या घरात लहान मूल असेल तर दोन वर्षांखाली सर्दी-खोकल्याचं औषध देऊ नका आणि पाचखाली शक्यतो टाळा, असं केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानेच सांगितलंय. दिलंच तर बाटली आणि बिल जपून ठेवा, बॅच नंबर त्यावर असतो. औषध घेतल्यावर लघवी कमी झाली तर सकाळची वाट बघू नका.

बाकी, ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशे औषधांवर क्यूआर कोड सक्तीचा झाला आहे. उत्पादक, बॅच, तारखा, लायसन नंबर असं सगळं त्यात असावं लागतं. आतल्या कच्च्या मालाची कुठली बॅच, कुठल्या तारखेला, कुठल्या प्रयोगशाळेने तपासली, यासाठी त्यात रकाना नाही. आमच्याकडचा नवा ट्रेनी एका दुपारात तो टाकून देईल.