विमान घरी बनेल, पण तपासणार कोण?

दोन बातम्या शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिली ऑगस्ट २०२१ मधली. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात पत्र्याचं काम करणाऱ्या तरुणाने स्वतःच्या हाताने हेलिकॉप्टर बनवलं होतं. जमिनीवरच चाचणी चालू असताना मागच्या पंख्याचं पातं तुटलं, ते वरच्या मोठ्या पंख्याला लागलं आणि त्या अपघातात त्याचा जीव गेला. दुसरी बातमी जुलै २०२२ मधली. इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या एका मल्याळी इंजिनिअरने लॉकडाऊनच्या काळात चार सीटचं विमान बनवलं आणि बायको-मुलींना घेऊन तो युरोपात फिरून आला.

पहिली बातमी वाचून आपण हळहळलो, दुसरी फॉरवर्ड केली. ‘पैसा असला की सगळं होतं’ असं म्हणून विषय संपवणं सोपं आहे. पैशांचा फरक होताच. दुसऱ्या विमानाचा खर्च तेव्हा पावणेदोन-दोन कोटींच्या घरात सांगितला गेला. पण खरा फरक दुसरीकडे आहे. इंग्लंडमधल्या माणसाने पेटी उघडल्यापासून विमान उडेपर्यंत त्याच्या कामाकडे बघणारी, ‘हे चालेल, हे खोलून परत कर’ असं सांगणारी एक व्यवस्था होती. यवतमाळच्या पोराकडे होता यूट्यूब आणि गावाचं कौतुक.

घरी विमान बनवण्याचा विषय सध्या पुन्हा चर्चेत आहे. अमेरिकेत हलक्या विमानांचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले आहेत आणि किट विकणारी तिथली सगळ्यात नावाजलेली कंपनी नुकतीच दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरून परत आली आहे. दोन्ही गोष्टींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: स्वतः बनवलेल्या यंत्रावर भरवसा ठेवायचा तर कशाच्या जोरावर?

किट म्हणजे नेमकं काय?

किट विमान म्हणजे मोठ्या आकाराची खेळण्यातली जोडाजोड नव्हे. पेट्यांमधून येतात अॅल्युमिनियमचे कापलेले पत्रे, पट्ट्या, हजारो रिव्हेट आणि जाडजूड मॅन्युअल. इंजिन, प्रोपेलर, कॉकपिटमधली उपकरणं बहुतेक वेळा वेगळी घ्यावी लागतात. साध्या दोन सीटच्या विमानालाही दीड-दोन हजार तास सहज लागतात. रोज दोन तास काम केलं तरी दोन-तीन वर्षं गेली. लोक शेपटीपासून सुरुवात करतात, कारण तो भाग लहान असतो, स्वस्त असतो आणि बिघडला तर परत मागवता येतो. हात बसेपर्यंत पंखाला हात लावायचा नाही, हा त्यातला शहाणपणा.

काम तसं कंटाळवाणं आहे. भोक पाड, त्याच्या कडेची बर काढ, गंजरोधक रंग दे, रिव्हेट ठोक, मोजून बघ. आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स केलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल.

अमेरिकेचा कायदा म्हणतो की विमानाचा निम्म्याहून जास्त भाग हौशी माणसाने शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून स्वतः बनवलेला असला पाहिजे. याला बोलीत ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. तसं असेल तर सरकारी तपासनीस विमान आणि कागद बघून ‘एक्सपेरिमेंटल’ म्हणजे प्रायोगिक गटात परवाना देतो. मग साधारण २५ किंवा ४० तासांचं चाचणी उड्डाण, तेही विरळ वस्तीच्या भागावर आणि प्रवासी न घेता. कॉकपिटमध्ये पाटी लावावीच लागते की हे विमान हौशी माणसाने बनवलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षा निकष त्याला लागू नाहीत. शेजारी बसणाऱ्याने ती वाचून मगच बसायचं.

ही चळवळ लहान नाही. १९५३ मध्ये पॉल पोबेरेझनी यांनी मिलवॉकीत ‘एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन’ सुरू केली. आज तिच्या ऑशकॉश इथल्या जुलैच्या मेळ्याला सहा लाखांहून जास्त लोक येतात.

एका भोकाची गोष्ट

आता त्या कंपनीकडे येऊ. ऑरेगन राज्यातली ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’ ही किटच्या दुनियेतलं सगळ्यात मोठं नाव. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांनी सत्तरच्या दशकात ती सुरू केली. तिच्या ‘आरव्ही’ मालिकेतली अकरा हजारांच्या वर विमानं जगभरात उडाली आहेत.

कोविडच्या काळात लोक घरी बसले आणि किटची मागणी एकदम वाढली. पत्र्यांना भोकं पाडणारी कंपनीची पंच मशिन कमी पडू लागली. म्हणून काही भाग बाहेरून लेझरने कापून घेतले गेले. लेझरने कापलेल्या काही भोकांच्या कडा हव्या तशा गुळगुळीत नव्हत्या. रिव्हेटचं डोकं पत्र्याच्या पातळीत बसावं म्हणून भोकाभोवती छोटा खळगा दाबावा लागतो. तो दाबताना अशा काही भोकांच्या कडेला बारीक तडे जायला लागले.

तडा केसाएवढा. पण विमानाचा पत्रा प्रत्येक उड्डाणात वाकतो, ताणला जातो, थरथरतो. तडा वाढतो तो असाच. कंपनीने चाचण्या केल्या आणि काही भाग बदलावे, काही चालतील अशी विभागणी केली. अनेकांना ते पटलं नाही. ज्यांनी शेकडो तास घालून पंख जोडले होते त्यांच्यापुढे पेच होता: खोलायचं की कंपनीवर विश्वास ठेवून पुढे जायचं? बदली भागांचा खर्च, रखडलेल्या ऑर्डरी आणि वाढलेल्या किमती यांचा भार इतका झाला की डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी कायद्याखाली संरक्षण मागितलं. जुन्या ग्राहकांनाही किट हवं असेल तर साधारण एक तृतीयांश जास्त किंमत मान्य करायला सांगितलं गेलं. २०२४ मध्ये कंपनी त्यातून बाहेर आली आणि आज चालू आहे.

या प्रकरणातून दोन गोष्टी कळतात. एक, ‘घरी बनवलेलं’ विमानही पूर्ण आपलं नसतं. दूरवरच्या कुठल्या तरी वर्कशॉपमधल्या मशिनची सेटिंग आपल्या पंखात येऊन बसते. आणि दुसरी, दोष उघड झाला तो बनवणाऱ्यांच्या डोळ्यांमुळेही. स्वतःच्या हाताने प्रत्येक भोक बघणाऱ्या लोकांनी तडे पाहिले, फोटो काढले, एकमेकांना दाखवले आणि उत्तर मागितलं.

विकत घेतलेला धोका

आकडे मात्र सावध करणारे आहेत. अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने, म्हणजे एनटीएसबीने, २०१२ मध्ये घरबांधणीच्या विमानांचा खास अभ्यास प्रसिद्ध केला. खासगी आणि हौशी उड्डाणांच्या ताफ्यात ही विमानं साधारण १० टक्के होती. पण २०११ मधल्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांत सुमारे २१ टक्के होता. मुख्य कारणं होती इंजिन बंद पडणं आणि विमानावरचा ताबा सुटणं. त्याहून बोलका निष्कर्ष असा की त्या वर्षी तपासलेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त सेकंडहँड घेतलेली होती. म्हणजे उडवणाऱ्याने ती बनवलेलीच नव्हती.

‘कंट्री रोड्स’ कॉलेजच्या गॅदरिंगला गिटारवर वाजतंच. ते गाणारा जॉन डेन्व्हर १२ ऑक्टोबर १९९७ ला कॅलिफोर्नियाच्या समुद्रात असंच एक सेकंडहँड ‘लाँग-ईझी’ विमान कोसळून गेला. मूळ बनवणाऱ्याने पेट्रोलची टाकी बदलण्याचा कॉक नकाशातल्या जागी न बसवता पायलटच्या डाव्या खांद्याच्या मागे बसवला होता, त्यावर खुणाही नव्हत्या. तो फिरवायला वळताना विमानाचा ताबा गेला असावा, असा तपासाचा रोख होता. बनवणाऱ्याला ती जागा बहुधा सोयीची वाटली असेल. किंमत दुसऱ्याने मोजली.

देखभालीचं महत्त्व इथे येतं. अमेरिकेत विमान बनवणाऱ्याला त्या एकाच विमानापुरतं ‘रिपेअरमन’ प्रमाणपत्र मिळू शकतं. दर बारा महिन्यांची तपासणी तो स्वतः करून लॉगबुकात सही करू शकतो. विमान विकलं की नव्या मालकाला हा हक्क मिळत नाही. त्याला परवानाधारक मेकॅनिककडे जावं लागतं. कारण साधं आहे: ज्याने बनवलं त्याला प्रत्येक नट कुठे आहे ते माहीत असतं.

आणि कामं? तेल आणि फिल्टर ठरलेल्या तासांनी बदलायचं. सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघायचं. कंट्रोलच्या केबल, बिजागऱ्या, चाकं, ब्रेक तपासायचे. हलक्या विमानांत लोकप्रिय असलेल्या रोटॅक्स इंजिनाचे रबरी पाइप दर पाच वर्षांनी बदलायला कंपनी सांगते, दिसायला कितीही चांगले असले तरी. ‘अजून चालतंय ना, मग कशाला बदलायचं?’ हा आपला बाइकचा हिशेब इथे चालत नाही. बाइक बंद पडली तर ढकलत नेता येते.

नवा नियम काय बदलतो?

जुलै २०२५ मध्ये ऑशकॉशच्याच मेळ्यात अमेरिकेने ‘मोझेक’ नावाचे नवे नियम जाहीर केले. आतापर्यंत ‘लाइट स्पोर्ट’ गटातलं विमान म्हणजे साधारण ६०० किलोपर्यंतचं आणि दोन सीटचं, अशी व्याख्या होती. आता वजनाची ती मर्यादा गेली. त्याऐवजी विमान किती कमी वेगातही हवेत टिकून राहतं, म्हणजे त्याचा स्टॉल स्पीड किती, हे बघितलं जाईल. चार सीटची विमानंही या गटात येतील, मात्र स्पोर्ट पायलटला सोबत एकच प्रवासी नेता येईल. पायलटांसंबंधीचा भाग ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. विमानांच्या प्रमाणपत्राचा भाग लागू होण्याची तारीख जुलै २०२६ ची.

५१ टक्क्यांचा नियम तसाच आहे. पण गणित बदलू शकतं. या गटातल्या कारखान्यात बनलेल्या विमानाला मोठ्या विमानांसारखी लांबलचक सरकारी प्रमाणपत्राची प्रक्रिया लागत नाही. उद्योगाने ठरवलेल्या मानकांप्रमाणे विमान बनवलं आहे, असं कंपनी स्वतः जाहीर करते. त्यामुळे तयार, जास्त दमदार विमानं बाजारात आली तर ‘दोन हजार तास घालण्यापेक्षा विकतच घेऊ’ असं अनेकांना वाटेल. म्हणजे भरवशाचा भार बनवणाऱ्याच्या गॅरेजमधून कंपनीच्या सहीवर सरकतो. आणि लेझरच्या प्रकरणाने दाखवलंय की चांगल्या कंपनीचीही घाईत चूक होते. फरक इतकाच की तयार विमानातली भोकं मालकाने कधी पाहिलेलीच नसतील.

आणि आपल्याकडे?

आपल्याकडे नाव घ्यावं असं उदाहरण आहे कॅप्टन अमोल यादव यांचं. कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी सहा सीटचं विमान बनवलं, तेही किट न आणता, स्वतःच्या डिझाइनने. २०१६ मध्ये मुंबईतल्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात ते लोकांनी पाहिलं. डीजीसीएकडे नोंदणी २०१७ मध्ये झाली, उड्डाणाची परवानगी २०१९ मध्ये आली आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून चाचणी उड्डाण झालं ते २०२० मध्ये. लोकांना दिसलेलं विमान हवेत जायला चार वर्षं लागली.

यावर दोन टोकाच्या प्रतिक्रिया असतात. एक म्हणतो, ‘सरकारी बाबू टॅलेंट मारतात.’ दुसरा म्हणतो, ‘बरं झालं, डोक्यावर पडलं असतं तर?’ दोघांचंही अर्धंच खरं आहे. तपासणी हवीच. पण तपासणी म्हणजे शेवटी एकदाच ‘हो’ किंवा ‘नाही’ नव्हे. ब्रिटनमध्ये लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनचे इन्स्पेक्टर काम चालू असताना टप्प्याटप्प्याने येऊन बघतात. पंख बंद करण्याआधी आतली बाजू बघून सही होते, मगच पुढचं काम. चूक सुरुवातीलाच सापडते, तेव्हा ती स्वस्त असते.

आपल्याकडे ज्ञान नाही असंही नाही. ऐंशीच्या दशकात बेंगळुरूच्या राष्ट्रीय एरोस्पेस प्रयोगशाळेने, म्हणजे एनएएलने, त्याच ‘लाँग-ईझी’वर आधारलेलं संशोधन विमान बनवून उडवलं होतं. पुढे तिथेच ‘हंसा’ हे दोन सीटचं प्रशिक्षण विमान तयार झालं. म्हणजे हौशी माणसांसाठी काढलेल्या डिझाइनवरून एक सरकारी प्रयोगशाळा शिकली. उलट दिशेची वाट, म्हणजे प्रयोगशाळेतून गावातल्या वर्कशॉपपर्यंतची, मात्र आपण बांधलेली नाही.

ती कशी बांधता येईल? इंजिनिअरिंग कॉलेजांमधल्या टीम रिमोटवरची विमानं आणि बाहाच्या गाड्या बनवतात. तिथे नियमांचं पुस्तक असतं, स्पर्धेआधी तांत्रिक तपासणी असते, नापास झालं तर ट्रॅकवर जाता येत नाही. पोरं कुरकुरतात, पण रात्र जागून दुरुस्त करतात. हीच सवय जिल्ह्याच्या आयटीआयपर्यंत नेता येईल. निवृत्त विमान मेकॅनिक, कॉलेजचे शिक्षक आणि उड्डाण क्लब यांनी मिळून एखादं खुलं वर्कशॉप चालवलं, तर त्यात पत्र्याचं काम जाणणारा गावातला पोरगाही येऊ शकेल. त्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगेल की फिरणारा पंखा तपासताना माणूस त्याच्या जवळ नसतो, यंत्र जमिनीला बांधलेलं असतं आणि पातं कुठल्या धातूचं आहे हे आधी विचारलं जातं.

पुढच्या वेळी ‘गावातल्या पोराने बनवलं विमान’ असा व्हिडिओ आला तर शेअर करण्याआधी कमेंटमध्ये तीन प्रश्न टाका: हे कुणी तपासलं? कामाची नोंदवही आहे का? चाचणीच्या वेळी आजूबाजूला कोण उभं असतं? उत्तरं नसतील तर टाळ्या थांबवा आणि जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, एखाद्या मेकॅनिकचा नंबर द्या. यवतमाळच्या त्या तरुणाकडे हात होते, चिकाटी होती. त्याच्या कामाच्या नोंदीखाली दुसऱ्या कुणाची तरी सही असायला हवी होती.