ड वर्गाची गाडी

घराला चाकं लावली की कॅराव्हॅन होते आणि चाकांवर घर बांधलं की मोटारहोम होतं. दोन्हींत झोपणाऱ्या माणसाला पर्यटक म्हणतात. एवढं ज्याला समजलं त्याला हा विषय निम्मा समजला असं धरून चालायला हरकत नाही. उरलेला निम्मा अमेरिकन लोकांनी अवघड करून ठेवला आहे.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं आणि हा विषय आमच्यासारख्या चाकरमान्यांच्या जेवणाच्या सुट्टीत येऊन बसला. त्यापूर्वी त्या जागी सोयाबीनचा भाव आणि नीट परीक्षेचा निकाल असे. आता डबा उघडता उघडता कुणीतरी रंगीत माहितीपत्रक काढतो. त्यात एक शुभ्र गाडी, गाडीपुढे दुमडती खुर्ची, आणि खुर्चीत पाय पसरून कॉफी पिणारं जोडपं. मग माहितीपत्रकवाला एक सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, "आपल्या मराठवाड्याला ही कल्पना नवीन आहे हो! रुजायला वेळ लागेल."

माझं भांडण आहे ते या वाक्याशी. गाडीशी नाही. गाडी कुणी फुकट दिली तर मी आजच अर्जित रजा टाकीन.

पण भांडायचं तर आधी प्रतिपक्षाची बाजू समजून घ्यावी, म्हणून मी या गाड्यांचे प्रकार पाठ केले. मूळ विभाग दोन : स्वतः चालणाऱ्या आणि ओढत न्याव्या लागणाऱ्या. (हाच विभाग आमच्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांनाही लागू पडतो, पण तो विषय वेगळा.) स्वतः चालणाऱ्यांत तीन वर्ग आहेत : अ, ब आणि क.

अ वर्ग म्हणजे बसच्या सांगाड्यावर उभारलेला अख्खा वाडा. आत पलंग, मोरी, स्वयंपाकघर, फ्रीज, आणि गाडी उभी राहिली की भिंतीच बाहेर सरकून दिवाणखाना रुंद होतो. फ्लॅटच्या गॅलरीत खोली काढली तर महापालिका नोटीस पाठवते. इथं भिंत सरकवली तर लोक फोटो काढतात.

ब वर्ग म्हणजे व्हॅनच्या पोटातच बसवलेला संसार. आपल्याकडे फोर्स ट्रॅव्हलर नाहीतर टाटा विंगर घेऊन ही करामत करतात. यात दिवसा जे टेबल असतं तेच रात्री पलंग होतं. माहितीपत्रकात या योजनेला 'जागेचा अभिनव वापर' म्हटलं आहे. दोन खोल्यांत आई-वडील, आम्ही चार भावंडं आणि परीक्षेपुरता आलेला आतेभाऊ अशा संसारात वाढलेल्या माणसाला यात अभिनव काय ते कळत नाही. आमच्या घरी तर एकच सतरंजी दिवसातून चार खोल्यांचं काम करी.

क वर्ग या दोहोंच्या मधला. ट्रकच्या सांगाड्यावर घराचा डबा आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा. केबिनवर झोपण्याचा हा मान आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या क्लीनरचा. आता त्यासाठी दिवसाचं भाडं मोजायचं म्हणतात.

ओढायच्या प्रकारांत साधा ट्रेलर आहे. दुसरा 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवं चाक : ट्रेलरची मान पिकअप ट्रकच्या हौद्यात मधोमध अडकवतात. हे नाव आलं घोडागाडीच्या पुढल्या आसावर बसवलेल्या आडव्या फिरत्या चकतीवरून. तिसरा प्रकार घडीचा : खाली चपटी पेटी, वर ओढलं की कापडी तंबू. चौथा थेंबाच्या आकाराचा : आत फक्त झोपायची जागा आणि मागचं झाकण उघडलं की तिथं उघड्यावर चूल. हा चौथा प्रकार वाचला आणि मी पुस्तक मिटलं. मागं उघड्यावर चूल, आत झोपायला जागा? अहो, ही तर ताडपत्रीची बैलगाडी! फक्त बैल काढून घेतलेत.

आता 'नवीन' या शब्दाकडे वळू. हौसेखातर गाडीत राहणारा पहिला सुप्रसिद्ध गृहस्थ म्हणून इंग्रज लोक डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांचं नाव घेतात. आरमारातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरनं १८८५ साली 'वाँडरर' नावाची घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि इंग्लंड-स्कॉटलंड पालथं घातलं. बरोबर गाडीवान होता, आणि रस्ता मोकळा आहे का ते पाहायला तीनचाकी सायकलवर पुढे धावणारा नोकर होता. अशी गाडी तोवर तिकडे कुणाकडे असे? जिप्सींकडे. त्यांना गावात कुणी टिकू देत नसे, म्हणून त्यांचं घर चाकांवर असे. डॉक्टरसाहेबांनी तेच घर हौसेनं घेतलं आणि त्याला छंद म्हटलं. नाइलाज गरिबाकडून साहेबाकडे गेला की त्याचा छंद होतो, हा या इतिहासाचा सारांश.

आणि शब्द तरी कुठून आला? कॅराव्हॅन हा मूळचा फारशी 'कारवान'. 'व्हॅन' ही त्याचीच कापलेली शेपटी. मराठीत याला प्रतिशब्द नाही अशी हळहळ मी ऐकली आहे. अहो, आहे की! तांडा! बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाणांचे तांडे या दख्खनभर फिरले, फौजांना दाणा पुरवत गेले. पुढे रेल्वे आली, तांड्याचा धंदा बसला, तांडाही बसला. मुखेड, किनवटकडे आज डोंगराच्या कुशीत ज्या वस्त्या आहेत त्यांच्या पाट्यांवर अजून 'तांडा' लिहिलेलं असतं. जगातल्या कुठल्याही कॅराव्हॅनला एवढा जुना नंबर नसेल.

बरं, हौसेचंच बोलायचं, तर आमच्याकडे हौस नव्हती का? मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे येळवसेला, लातुरात या. शहर ओस पडतं. घरची-दारची माणसं, आंबिलीची मडकी, भज्जी, उंडे, सगळं गाडीत घालून गाव शेतात जातं. पूर्वी बैलगाडी होती, आता जीप आणि मोटारसायकल आहे. पण विरंगुळ्याचं वाहन ते हेच. त्याच सुमाराला नांदेड-लातूर रस्त्यावर माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, बैल, आणि त्यांचे धनी. रात्री त्या माळावर गाड्यांखाली, गाड्यांत, पालांत माणसं झोपलेली बघा. याला 'कॅराव्हॅन पार्क' म्हणायचं नाही तर कशाला? फक्त प्रवेशद्वारी पाटी नाही आणि भंडारा उधळल्यावर कुणी स्वच्छता शुल्क मागत नाही.

अ वर्गाचीही आम्हाला नवलाई नाही. देगलूर-बिलोलीच्या शिवेपलीकडे एन. टी. रामाराव यांनी १९८२ साली एका जुन्या शेवरले व्हॅनचा 'चैतन्य रथम्' केला, त्यातच मुक्काम करीत सगळा आंध्र पिंजून काढला आणि जानेवारी १९८३ मध्ये मुख्यमंत्री झाले. चाकांवरच्या घरातून निघून सरकारी बंगल्यात पोहोचण्याचा एवढा सरळ रस्ता कुठल्याही माहितीपत्रकात दिलेला नाही.

मी बँकेतला माणूस, त्यातून बी. कॉम. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की ती कुठल्या खात्यात टाकायची हा विचार आधी येतो. मोटारहोम हे स्थावर की जंगम? गृहकर्ज द्यायचं तर ते तीस वर्षांपर्यंत फेडता येतं. वाहनकर्ज म्हटलं तर सात वर्षांत गाशा गुंडाळावा लागतो. राहत्या इमारतीला आयकरात ५ टक्के घसारा, मोटारीला १५. म्हणजे पलंगावर झोपलेल्या माणसाची चादर तीन पट वेगानं झिजते असं धरायचं का? आमच्या लातूरपासून फार लांब नसलेल्या कल्याण नगरीत बाराव्या शतकात बसवण्णांनी स्थावरापेक्षा जंगमाला थोर मानलं. बँकेनं हे तत्त्वज्ञान अद्याप स्वीकारलेलं नाही. आमच्याकडे अजून स्थावरावरच कर्ज लवकर मिळतं.

अमेरिकेच्या आयकर खात्यानं मात्र यावर साधा तोडगा काढला आहे. गाडीत झोपायची सोय आहे? स्वयंपाकाची आहे? शौचाची आहे? तिन्ही असतील तर ती गाडी घर, आणि तिच्यावरच्या कर्जाच्या व्याजाला घरासारखी सवलत मिळू शकते. तीन प्रश्न, तीन उत्तरं. मला ही व्याख्या फार आवडली.

ती आवडली आणि तिथंच घोटाळा झाला. कारण ती व्याख्या डोक्यात असतानाच दसऱ्यानंतरचे दिवस आले.

दसरा-दिवाळीच्या सुमाराला बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून, मुखेड, कंधार, जळकोट, अहमदपूरकडून, ट्रॅक्टर निघतात. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत बाजेवर बाज, पातेली, पिठाची गोणी, ज्वारीची गोणी, कोंबड्या, एखादी शेळी, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, आणि या सगळ्याच्या वर माणसं. ऊसतोडीला निघालेली. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. दोन माणसं मिळून एक हत्यार! हिशेबाची ही रीत कुठल्याही कॉमर्स कॉलेजात शिकवत नाहीत. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पाच-सहा महिने हाच संसार. तांडा नावाची ती स्थावर झालेली वस्ती दरवर्षी पुन्हा जंगम होते.

अशाच एक बाई एकदा खिडकीशी आल्या. फॉर्ममध्ये दोन रकाने : कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता. कायमचा त्यांनी धडाधड सांगितला : तांडा, पोस्ट, तालुका, जिल्हा.

"आणि सध्याचा पत्ता, बाई?"

"सध्या तर ट्रॉलीतच हाव की, सायेब. म्होरं कुठला फड लागतो ते मुकादमाला इचारा."

अमेरिकन माणसानं हेच उत्तर दिलं असतं तर आपण त्याला 'मुक्त जीवनशैली' म्हटलं असतं आणि रविवारच्या पुरवणीत त्याची मुलाखत छापली असती.

आता त्या तीन प्रश्नांची परीक्षा घ्या. ट्रॉलीतल्या संसारात झोपायची सोय? आहे. ट्रॉलीत नाही तर तिच्यातूनच उतरवलेल्या कोपीत. स्वयंपाकाची? आहे; तीन दगड कुठंही मिळतात. शौचाची? नाही. तीनपैकी दोन विषयांत उत्तीर्ण, एकात नापास. आणि तो विषय असा की त्याचा पेपर विद्यार्थ्याला देताच येत नाही, तो दुसऱ्यानं सोडवून द्यायचा असतो. पहाटे अंधार असेतोवर बायाबापड्यांनी उसाचा आडोसा शोधायचा, आणि तो ऊस दिवसा त्यांनीच तोडून संपवायचा! आडोसा कमी करत जाण्याची एवढी क्रूर मजुरी दुसरी नसेल.

यावर माहितीपत्रकवाला म्हणतो, "अहो, हौस वेगळी, गरज वेगळी. पर्यटक पैसा आणतो." बरोबर आहे. पण तुमच्या त्या शुभ्र गाडीपुढच्या कॉफीत साखर कुणी घातली? पर्यटक पैसा आणतो आणि कोयता काहीच आणत नाही, असा ताळेबंद मांडला तर पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही तेरीज जुळवता येणार नाही.

"मग काय ट्रॉलीत एअरकंडिशनर बसवायचा?" नाही हो. मागणी अगदी छोटी आहे. कॅराव्हॅन पार्कची कल्पना मला मनापासून पसंत आहे : गाडी उभी करायला सपाट जागा, पाण्याचा नळ, दिव्याचा खांब, बंद दाराचं संडास, सांडपाण्याला वाट. हीच कल्पना उचलायची आणि कारखान्याच्या गाडीतळाशेजारी, फडाजवळच्या मुक्कामाशी नेऊन ठेवायची. नवा शोध नको, नवा शब्द नको. ज्यांच्या गाडीत संडास बसवलेला आहे त्यांना आपण वर आणखी संडास बांधून देणार आणि ज्यांच्या गाडीत तो नाही त्यांना उसाचं शेत दाखवणार, या नियोजनाला काय म्हणावं?

पाण्याचं म्हणाल, तर मोटारहोमला तीन टाक्या असतात : एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. हे ऐकून लातूरकराला हसू येतं. एप्रिल २०१६ मध्ये आमच्या अख्ख्या शहराचं पाणी मिरजेहून आगगाडीनं आलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. चाकांवरून आलेल्या पाण्याची किंमत आम्हाला कुणी सांगायला नको. आणि ज्यांना ती माहीत आहे त्यांनीच कोयत्याच्या नळाबद्दल बोलायचं नाही तर कुणी?

ट्रॉली हे घर असू शकतं, हे आपल्या देशानं एकदा डोळ्यांनी पाहिलं आहे. नोव्हेंबर २०२० पासून वर्षभर दिल्लीच्या सीमेवर पंजाब-हरयाणाचे शेतकरी ट्रॉल्यांत गाद्या टाकून राहिले. कॅमेरे आले, कौतुक झालं, टीका झाली; पण 'ही राहायची जागा नव्हे' असं म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही. आमची ट्रॉली दरवर्षी सहा महिने घर असते. कॅमेऱ्याला तेवढा रस्ता सापडत नाही.

अमेरिकन यादीत अ, ब, क एवढेच वर्ग आहेत. ड नाही. ड वर्ग म्हणजे काय ते आम्हाला विचारा. महापालिकांच्या यादीत नांदेड आणि लातूर दोघंही त्याच बाकावर बसतात. तेव्हा हा रकाना भरण्याचा मान मराठवाड्याचाच. ड वर्ग : ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, झोपायची सोय आहे, चूल आहे, कोंबड्या आहेत, नळ आणि संडास येणे बाकी. आमच्या बँकेच्या भाषेत 'येणे बाकी' म्हणजे कुणाकडून तरी वसूल करायची रक्कम. ती माफ करायचा अधिकार निदान माझ्या खिडकीला नाही.