धुऱ्यावरची झाडे आणि माशीचा उन्हाळा

मृगाचा पाऊस पडला की वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात, आणि विहिरीचे पाणी जिथे तोंडात धरवत नाही अशा भातकुली तालुक्याच्या खारपाणपट्ट्यातही गुलमोहर, काशीद, गिरिपुष्प यांची रोपे ट्रॅक्टरमधून उतरवली जातात. राज्य शासनाने १ जुलै २०१६ रोजी २ कोटी रोपांच्या संकल्पाने आरंभ करून २०१९ मध्ये तो ३३ कोटींवर नेला. परंतु सरकारी दप्तरात रोपांच्या संख्येला जे महत्त्व मिळाले, ते कोणते झाड कोणत्या महिन्यात फुलते या प्रश्नाला मिळाले नाही, आणि माझ्या मते स्वयंसेवकाने विचारावयाचा पहिला प्रश्न तोच आहे.

पूर्णेच्या खोऱ्यातील या काळ्या मातीत ओलिताची सोय तुटपुंजी असल्यामुळे तूर आणि हरभरा निघाला की माघापासून ज्येष्ठापर्यंत शिवार उघडे पडते, आणि त्या दीर्घ अवधीत आग्यामाशी, फुलोरी माशी, भुंगे, फुलपाखरे जगतात ती मुख्यतः धुऱ्यावर, पांदणीच्या कडेला आणि ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, पडीत उरलेल्या झाडांवर. फाल्गुनात पळस, चैत्रात कडुनिंब, त्यामागोमाग करंज, पावसाळ्यात बाभूळ व हिवर आणि पुढे बोर, अशी ही पाळी पूर्वी सहसा खंडत नसे. ट्रॅक्टर वळवण्यासाठी धुरे कोरले गेले आणि पाळीतली एकेक कडी निखळली. परदेशी झाडाला माशी वाळीत टाकत नाही, गिरिपुष्पावर आणि विलायती बाभळीवरही ती जाते. माझा आक्षेप आहे तो एकाच जातीच्या लांबलचक रांगेला, जी एकदम फुलते आणि मग उरलेले वर्षभर माशीला उपाशी ठेवते.

येथील कास्तकार विचारील, आणि त्याचे विचारणे रास्तच आहे, की कापूस, सोयाबीन, हरभरा, तूर ही पिके बव्हंशी स्वपरागित असताना माशीचे एवढे कौतुक कशाला? उत्तर त्याच्याच कुंपणावर आहे: दोडके, काकडी, भोपळा यांची नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात आणि कीटकाच्या मध्यस्थीवाचून वेलाला फळ धरत नाही, तिळाला आणि कांद्याच्या बियाण्यालाही ही मध्यस्थी मानवते.

श्रमदानाचा संस्कार या मुलखाला नवा नाही. हाती खराटा घेऊन गावे झाडणाऱ्या गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो वलगावजवळ, याच तालुक्यात पुढे वाहत येणाऱ्या पेढीच्या काठी. पण आजचे श्रमदान बहुधा खड्डा, रोप आणि छायाचित्र येथेच आटोपते. पारा ४५ अंशांपलीकडे गेला म्हणजे या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यांत कोवळी मुळे तुटतात, आणि बोअरचे खारे पाणी घातले तर रोप वाचण्याऐवजी लवकर मरते. म्हणून रोपाबरोबर शेततळ्याच्या गोड्या पाण्याची तजवीज हवी, भेगा बुजवून आळ्यात कुटार पसरणारे हात हवेत, आणि हे सारे निदान दोन उन्हाळे. राष्ट्रीय सेवा योजनेची निवासी शिबिरे पुष्कळदा हिवाळ्यात भरतात. लागवडीला ती उपयोगाची नसली तरी आळी दुरुस्त करण्यास तो काळ उत्तम आहे. बाभळीला तर रोपवाटिकेचीही गरज नाही: शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या वाड्यातून वेचलेले बी पहिल्या पावसात धुऱ्यावर टोकले की ते चांगले उगवते.

स्वच्छतेच्या उत्साहात वाळक्या फांद्या जाळण्याचा मोहही आवरावा. शेवग्याच्या मेलेल्या फांदीला बोटाच्या जाडीचे वाटोळे छिद्र आणि खाली ताज्या भुशाची चिमूट दिसली, तर आत काळ्या भुंग्याचे घर आहे असे समजावे.

ई-क्लासवर लावणार असाल तर ग्रामसभेचा ठराव आधी लेखी घ्या, आणि झाडाची फळे, शेंगा व सरपण कोणाचे, हे त्याच ठरावात नमूद करा. हा तपशील मोघम राहिला तर कुऱ्हाड फुलोऱ्यापूर्वीच येते.